डिमेन्शियाच्या डेटावर डेटाथॉन घ्यायचंय? मग शनिवारी जेवणापर्यंत लॅपटॉप बंद

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातले सहा जण आहेत. तिघं एमएस्सी स्टॅटिस्टिक्सचे, दोघं हिंजवडीत डेटा सायन्सच्या नोकरीत आणि एक मेमरी क्लिनिकमध्ये चाचण्या घेणारी सायकॉलॉजिस्ट. सगळे मिळून डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, संशोधनासाठी शनिवार-रविवारचं डेटाथॉन घेणार आहेत, म्हणजे टीम पाडून डेटावर दोन दिवस काम करायचा मेळावा. चाळीसेक मुलं येतील असा अंदाज. विचारलंय एवढंच की डेटा कुठून आणायचा, टीम कशा पाडायच्या आणि पंचवीस हजारांचं बक्षीस सर्वांत अचूक मॉडेलला द्यावं का.

वयस्क माणसांच्या स्मरणशक्तीच्या, आकलनाच्या चाचण्यांचे आकडे मी वीसेक वर्षं चाळते आहे. असे सहा-सात मेळावे घेतले, त्यातले दोन सपशेल फसले. हे उत्तर मुख्यतः त्या दोनांच्या जिवावर लिहिते आहे.

बक्षिसाची रक्कम ठरलीय, पण कशाचं उत्तर शोधायचं ते अजून ठरलेलं नाही, हे वाचून हसू आलं. पहिल्या खेपेला आम्हीही नेमकं हेच केलं होतं. हॉल, चहा, टी-शर्ट, परीक्षक, सगळं जय्यत. रविवारी दुपारी एका टीमनं स्लाइड लावली: गावातल्या बायकांना ‘आपण कुठे आहोत’ याचं भान पुरुषांपेक्षा कमी असतं. पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना असे आकडे योगायोगानं दिसण्याची शक्यता) इतकी लहान की टाळ्याच पडल्या. पोरांनी वय, शिक्षण सगळं हिशेबात धरलं होतं, मॉडेलमध्ये काही खोट नव्हती. मागच्या रांगेत एक ताई बसल्या होत्या. त्या गावांत घरोघर फिरून चाचण्या घेणाऱ्यांपैकी त्या एक. त्या दिवशी फॉर्मचे गठ्ठे पोचवायला आल्या होत्या आणि आम्ही आग्रह केला म्हणून जेवायला थांबल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “मॅडम, त्यात ‘आपण कितव्या मजल्यावर आहोत’ असा एक प्रश्न होता. पुरुषांना आम्ही ग्रामपंचायतीच्या माडीवर बोलवायचो. बायका घरीच भेटायच्या. त्यांच्या घराला मजला कुठला? कुणी नुसतं हसायचं. आमच्यातल्या काही जणी शून्य द्यायच्या, काही जणी रकाना मोकळा सोडायच्या.”

दीड दिवसाचं काम तिथेच आटोपलं. तेव्हापासून माझा एक हट्ट आहे. ज्यांनी चाचणी घेतली त्यांच्यापैकी निदान दोघं-तिघं खोलीत हवेत, आणि शनिवारी जेवणाची सुट्टी होईपर्यंत कुणी लॅपटॉप उघडायचा नाही.

मग त्या तीन-चार तासांत करायचं काय? एकमेकांची चाचणी घ्यायची. जोड्या लावा. दहा साधे मराठी शब्द मोठ्यानं, एका लयीत वाचा, लगेच परत म्हणायला सांगा. असं तीनदा करा. मग वीस मिनिटं दुसरंच काहीतरी करायला लावा आणि पुन्हा विचारा. बावीस वर्षांच्या, रात्री नीट न झोपलेल्या मुलाला त्या दहातले पाच आठवतात, तेव्हा ‘५’ या आकड्याकडे बघायची त्याची नजर बदलते. दुपारी तोच आकडा एखाद्या सत्तरीच्या बाईंच्या नावापुढे दिसला की तो लगेच ‘लो स्कोअर’ म्हणत नाही. आधी विचारतो, पंखा चालू होता का, ऐकायला येत होतं का, नातवंडं शेजारी दंगा करत होती का.

एक सावधगिरी. यासाठी शब्दांची यादी तुमची तुम्ही करा. एमएमएसई ही १९७५ सालची तीस गुणांची प्रसिद्ध चाचणी कॉपीराइटखाली आहे आणि मोका या तशाच दुसऱ्या चाचणीसाठी रीतसर प्रशिक्षण लागतं. शिवाय खऱ्या चाचण्यांचे कागद चाळीस घरांत गेले तर त्या घरांतले आजी-आजोबा उद्या क्लिनिकमध्ये पाठ करून येतील. हा विनोद नाही. पुण्यातल्या निवृत्त शिक्षकांना तुम्ही ओळखतच असाल.

यानंतर नियम ठरवायचा खेळ घ्या, हा मला सगळ्यांत आवडतो. ‘एका मिनिटात जितके आठवतील तितके प्राणी सांगा.’ ही चाचणी जगभर वापरतात आणि दिसायला बालवाडीची वाटते. कोथरूडच्या एक आजी म्हणतात वाघ, सिंह, हत्ती, जिराफ, झेब्रा. प्राणिसंग्रहालयाच्या पाटीवरून वाचल्यासारख्या. शिरूरकडच्या दुसऱ्या आजी म्हणतात गाय, बैल, वासरू, कालवड, खोंड, गोऱ्हा, म्हैस, रेडा, पारडू, शेळी, बोकड, करडू. आता गुण किती? कालवड आणि खोंड वेगळे धरायचे की ‘गाय’ या एकाच नावाखाली? एकत्र धरले तर त्या बाईंचे बारा गुण तीनवर येतात. उभा जन्म गोठ्यात गेलेल्या माणसाचा शब्दसंग्रह आपण एका फटक्यात झाडून टाकतो. वेगळे धरले तर शहरातल्या ‘कुत्रा, पिल्लू’चं काय करायचं? खोलीत वाद पेटू द्या. एक सर्वमान्य उत्तर मिळेलच असं नाही. पण तुमच्या डेटात हा निर्णय कुणीतरी आधीच घेऊन टाकला आहे, आणि कोडबुकात, म्हणजे रकान्यांचा अर्थ सांगणाऱ्या पुस्तिकेत, तो लिहिलेला असतो किंवा नसतो, एवढं सगळ्यांना कळतं.

तारखेचंही तसंच. ‘आज तारीख काय?’ म्हटल्यावर कित्येक आजी तिथी सांगतात, आणि ती पंचांगाबरहुकूम बरोबर असते. हा प्रश्न आपल्याकडे पूर्वीच लोकांना पडला होता. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत, जिथे बहुतेक वृद्ध निरक्षर होते, तिथे एमएमएसईला धरून हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन तयार झाली. ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. शंभरातून सात-सात वजा करण्याऐवजी तिथे वीसातून तीन-तीन वजा करायचे. या बदलांमागची चर्चा मुलांना आदल्या आठवड्यात वाचायला द्या, तिचा उपयोग मॉडेलिंगच्या कुठल्याही ट्युटोरियलपेक्षा जास्त होईल. शंभरातून सात वजा करण्याचा उलटा अनुभवही मला आला आहे. पावकी-निमकी पाठ असलेले, बँकेतून निवृत्त झालेले एक आजोबा त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी असे सरसर उतरले आणि पाच मिनिटांनी मला ‘आपण कोण?’ म्हणून विचारलं.

एकूण गुणांची बेरीज हे इतकं फसवं प्रकरण आहे. सदाशिव पेठेतले निवृत्त प्राध्यापक तीसपैकी एकोणतीस घेतात आणि घरचे सांगतात की गॅस दोनदा उघडा राहिला. त्यांच्यासाठी चाचणीचं छत बुटकं आहे. शाळेची पायरी न चढलेल्या बाईंना अठरा गुण पडतात आणि त्या सगळ्या घराचा व्यवहार चोख बघतात. पाश्चात्त्य पुस्तकातली २४ ची रेघ दोघांना लावली तर प्राध्यापक सुटतात आणि बाई रुग्ण ठरतात. म्हणून दुपारच्या कामासाठी मी नेहमी सुचवते तो प्रश्न असा: एकूण क्षमता सारखीच असलेल्या दोन माणसांत, एक शिकलेला आणि एक न शिकलेला, कुठला प्रश्न दुसऱ्यावर अन्याय करतो? याला आमच्या धंद्यात ‘डिफरन्शियल आयटम फंक्शनिंग’ म्हणतात, बोलताना ‘डिफ’. आयटम रिस्पॉन्स थिअरी (एकेका प्रश्नाचा अवघडपणा जोखायचं संख्याशास्त्र) येणारा एक जण टीममध्ये असेल तर दीड दिवसात त्याचं पहिलं उत्तर हाती येतं. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधली ‘मर्ट’ आणि ‘लव्हान’ ही पॅकेजं त्याला पुरतात. ‘डिमेन्शिया ओळखणारं मॉडेल बनवा’ या प्रश्नाला दीड दिवसात उत्तर नसतं, असतो फक्त एक अचूकतेचा आकडा.

आता डेटा. भारतीय डेटा हवा असेल तर सुरुवात लासीपासून करा. लाँजिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया, देवनारच्या आयआयपीएसनं केलेलं सर्वेक्षण, पंचेचाळीस आणि त्यापुढच्या वयाची ७२ हजारांहून जास्त माणसं. त्यात शब्द आठवणं वगैरे थोडक्या चाचण्या आहेत. त्याच नमुन्यातली साठीपुढची ४,०९६ माणसं निवडून २०१७ ते २०२० या काळात त्यांची सखोल तपासणी झाली. ती लासी-डॅड. दिल्लीचं एम्स आणि अमेरिकेतलं सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ हे तिचे मुख्य चालक. चाचण्यांची रचना एचकॅप या आंतरराष्ट्रीय आराखड्यावर बेतलेली, त्यामुळे इंग्लंड, मेक्सिको, चीन इथल्या आकड्यांशी ताडून पाहता येते. भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया आहे, हा २०२३ मधला बहुचर्चित अंदाज यातूनच आला.

हा डेटा संशोधनासाठी मिळतो. लासीसाठी आयआयपीएसकडे मागणी नोंदवायची आणि लासी-डॅडसाठी ‘गेटवे टू ग्लोबल एजिंग डेटा’वर नोंदणी करायची. फुकट आहे याचा अर्थ वाटायचा आहे असा नाही. प्रत्येकानं आपापल्या नावानं नोंदणी करून अटी मान्य करायच्या. एकानं उतरवून पेनड्राइव्हवर चाळिसांना देणं हा करारभंग आहे, आणि आयत्या वेळी नेमकं तेच होतं. म्हणून नोंदणीचं पत्र दीड-दोन महिने आधी पाठवा आणि ज्याची परवानगी आली नाही त्याला कोडबुक वाचायच्या, तक्ते तपासायच्या कामावर घ्या. ब्रिटनमधल्या डिमेन्शियाज प्लॅटफॉर्म यूकेच्या डेटाथॉनमध्ये डेटा त्यांच्या सर्व्हरवरून बाहेरच येत नाही, माणसंच आत जाऊन काम करतात. आपल्याला ती चैन परवडेपर्यंत निदान शिस्त तरी हवी.

लासी-डॅड घेतलात तर तीन खाचखळगे आधीच सांगते. पहिला, नमुना मुद्दाम असा घेतला आहे की आकलन घसरण्याचा धोका असलेली माणसं त्यात जास्त आली. त्यामुळे सरळ टक्केवारी काढली तर ती फुगलेली निघेल. सर्व्हे वेट (नमुन्यातला एक माणूस लोकसंख्येतल्या किती जणांच्या वतीनं धरायचा तो आकडा) लावावेच लागतात, आणि आरमधलं ‘सर्व्हे’ नावाचं पॅकेज कुणालाच येत नसेल तर शनिवारी संध्याकाळी रडारड होते. दुसरा, तपासणी काही जणांची रुग्णालयात झाली, काहींची घरी. माझ्या मजल्याच्या गोष्टीनंतर तुम्ही ते रकाने पहिल्यांदा उघडाल अशी आशा आहे. तिसरा जरा सूक्ष्म आहे. २,५२८ जणांच्या बाबतीत तज्ज्ञ डॉक्टरांनी ऑनलाइन नोंदी पाहून सहमतीनं निदान ठरवलं. त्या नोंदींत चाचण्यांचे गुणही होते आणि घरच्यांनी सांगितलेलंही होतं. आता तेच गुण वापरून तेच निदान ‘ओळखणारं’ मॉडेल केलंत तर ते डॉक्टरांची नक्कल करायला शिकतं. आजाराबद्दल त्याला नवीन काही कळलेलं नसतं.

हीच गोची परदेशी डेटात आणखी ठसठशीत दिसते. तुमच्यातल्या हिंजवडीवाल्यांनी कॅगल या डेटा स्पर्धांच्या साइटवरचा, ओएसिस या मेंदूच्या स्कॅनच्या अभ्यासाचा तक्ता नक्की पाहिला असेल. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचा, १५० माणसं, वय ६० ते ९६, आणि ओळी ३७३, कारण प्रत्येकाचं स्कॅन दोन किंवा जास्त वेळा झालेलं. पोरं ३७३ ओळी पत्त्यांसारख्या पिसतात, ऐंशी टक्के ट्रेनिंगला (मॉडेलला शिकवायला), वीस टक्के टेस्टला (त्याची परीक्षा घ्यायला). म्हणजे जोशीकाकांची पहिली भेट इकडे आणि दुसरी तिकडे. मॉडेल आजार ओळखत नाही, जोशीकाकांना ओळखतं. याहून वाईट म्हणजे त्या तक्त्यात सीडीआर नावाचा, डिमेन्शिया किती गंभीर आहे ते सांगणारा रकाना आहे आणि ‘डिमेंटेड’ की ‘नॉन-डिमेंटेड’ हा गट त्या सीडीआरवरूनच ठरवलेला आहे. तो रकाना आत ठेवून अठ्ठ्याण्णव टक्के अचूकता मिळाली म्हणून नाचणारी टीम मी पाहिली आहे. हे फक्त नवशिक्यांचं होतं असंही नाही. मेंदूच्या एमआरआयवरून अल्झायमर ओळखणाऱ्या डीप लर्निंगच्या शोधनिबंधांचा २०२० मध्ये एक आढावा झाला. त्यात तपासलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून जास्त ठिकाणी अशा गळतीची, म्हणजे उत्तर आधीच मॉडेलच्या हाती लागण्याची, शक्यता दिसली. तेव्हा ओएसिस वापराच, पण वाट चुकल्यावर कसं दिसतं हे दाखवायला वापरा. शनिवारी दुपारी पहिला तास सगळ्या टीमना तोच तक्ता द्या आणि सांगा, ‘यातून खोटी अचूकता किती वर नेता येते ते करून दाखवा.’ हसत-खेळत शिकतात.

आता बक्षीस. पंचवीस हजार सर्वांत अचूक मॉडेलला देऊ नका, ते का ते सांगते. २०१७ मध्ये टॅडपोल नावाची एक मोठी स्पर्धा झाली. अमेरिकेतल्या एडीएनआय या अल्झायमर अभ्यासाचा डेटा, आणि भविष्यात त्या माणसांचं काय होईल ते आधी सांगायचं. भविष्य खरंच आलेलं नव्हतं, त्यामुळे फसवायला जागा नव्हती. ३३ टीम, ९२ पद्धती. निदान काय होईल आणि मेंदूतल्या पोकळ्या किती वाढतील याचं भाकीत चांगलं जमलं. पण एडास-कॉग या आकलन चाचणीत किती गुण पडतील, हे सांगण्यात एकही पद्धत अंदाजपंचे दाहोदरसेपेक्षा ठळकपणे सरस ठरली नाही. जगातली तालेवार मंडळी, वर्षानुवर्षं जमवलेला उत्तम डेटा, आणि हा निकाल. मला तो निराशाजनक वाटला नाही. आकलनाची चाचणी ही दोन माणसांमध्ये, एका विशिष्ट सकाळी घडणारी गोष्ट आहे, तिच्यात गोंगाट फार. दुसऱ्यांदा चाचणी दिली की सवयीनं गुण वाढतात, आदल्या रात्री झोप नसली की घटतात. दीड दिवसात त्या गोंगाटावर जो जिंकतो तो बहुतेक वेळा नशिबानं जिंकतो.

बक्षीस ठेवायचंच असेल तर त्याचे तुकडे करा. आम्ही गेल्या खेपेला एक बक्षीस ‘डेटातली सगळ्यांत मोलाची चूक शोधणाऱ्याला’ दिलं. ते मिळालं एका बीएस्सीच्या मुलीला. एका रकान्यात ‘९९’ आहे तो गुण नसून ‘नकार दिला’ याचा कोड आहे आणि ‘९८’ म्हणजे ‘दृष्टीमुळे करता आलं नाही’, हे तिच्या लक्षात आलं. तोवर तीन टीम दहापैकी सरासरी चौदा गुणांवर शांतपणे विचार करत होत्या! यातला गंभीर भाग असा, की नकार आणि ‘करता आलं नाही’ ही माणसं सरसकट वगळली तर ज्यांच्यासाठी हा उपद्व्याप चाललाय तीच वगळली जातात. ज्याचं विस्मरण वाढलंय तोच चाचणी अर्धवट टाकून उठतो. रिकामा रकाना हीही माहितीच असते. तिचं काय करायचं हे टीमनं विश्लेषणाआधी लिहून ठेवायला हवं.

लिहून ठेवण्याबद्दल आलंच आहे तर: शनिवारी चारपर्यंत प्रत्येक टीमकडून एक पानाचा आराखडा लेखी घ्या. प्रश्न काय, कुठले रकाने, कोण वगळणार आणि का, कुठला आलेख निघाला तर आमचं म्हणणं चुकलं असं आम्ही मानू. त्यावर तारीख-वेळ टाकून भिंतीवर चिकटवा. रविवारी मुलं त्यापासून ढळतातच, ढळू द्या, पण ढळल्याचं स्लाइडवर सांगायला लावा.

टीमबद्दल फार लिहीत नाही. चार-पाच जण, मित्रमंडळी एकत्र बसवायची नाहीत. प्रत्येक टीमला एक आकडेमोडवाला, एक कोडवाला, एक रुग्ण पाहिलेला माणूस. डॉक्टर मिळाले नाहीत तर नर्सिंगच्या, ऑक्युपेशनल थेरपीच्या, सोशल वर्कच्या मुली बोलवा. घरी काय घडतं हे त्यांना डॉक्टरांपेक्षा जास्त माहीत असतं. चौथा असा कुणीतरी ज्याला दोन वाक्यं सरळ लिहिता येतात. असा माणूस मिळणं सर्वांत अवघड.

रुग्ण पाहिलेली व्यक्ती का हवी याचं एक उदाहरण देते, कारण यातून एक चांगला प्रश्नही निघतो. अशा अभ्यासांत घरच्यांना विचारतात: यांना पैशाचे व्यवहार जमतात का, एकट्यानं प्रवास जमतो का, औषधं वेळेवर घेतात का. सूनबाई सांगतात, ‘नाही जमत.’ नोंदवणारा ‘अक्षम’ लिहितो. पण या सासूबाईंनी जन्मात कधी बँकेचं तोंड पाहिलेलं नाही, पीएमपीच्या बसमध्ये एकट्या बसलेल्या नाहीत. ‘आता जमत नाही’ आणि ‘कधी केलंच नाही’ यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि डिमेन्शियाच्या निदानात दैनंदिन व्यवहार बिघडणं ही मुख्य अट आहे. आजोबांचं उलट होतं. त्यांना चहा करता येत नाही, आधीही येत नव्हता, त्याबद्दल कुणी अक्षम म्हणत नाही. शिवाय सांगणारा कोण, यावरही उत्तर बदलतं. मुलगा नोकरीवर, संध्याकाळी तासभर आईला पाहणारा. सून दिवसभर घरात. आणि ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून मोकळं होणाऱ्या घरात तर विस्मरण हा आजारच मानला जात नाही, मग ते सांगणार तरी काय? सांगणाऱ्याचं नातं, तो सोबत राहतो का, आणि त्याचं म्हणणं चाचणीच्या गुणांशी किती जुळतं, हा दीड दिवसात होण्याजोगा, आपल्या मातीतला प्रश्न आहे. एखाद्या टीमनं हाच घ्यावा असं मला फार वाटतं.

बोलण्याच्या ध्वनिमुद्रणावरून आजार ओळखायचा मोह तुमच्या कोडवाल्यांना होईल. २०२० च्या इंटरस्पीच या परिषदेत अ‍ॅड्रेस नावाचं आव्हान झालं, १५६ माणसांची बोलणी, निम्मी अल्झायमरची. डेटा चांगला होता, वय-लिंग जुळवलेलं होतं. पण सगळे त्या एका अमेरिकन चित्राचं वर्णन करतात: बाई भांडी पुसतेय, मोरी भरून पाणी वाहतंय, पोरगा स्टुलावर चढून बिस्किटं चोरतोय. भाषा इंग्रजी. त्यावरचं मॉडेल मराठीला चालत नाही, आणि मराठीतला तसा डेटा तुम्हाला त्या दोन दिवसांत मिळणार नाही. इच्छा असेल तर पुढचं वर्षभराचं काम म्हणून टिपून ठेवा.

सायकॉलॉजिस्ट मैत्रिणीसाठी वेगळं, जरा कडक सांगते. तुमच्या क्लिनिकच्या फायली आणू नका. ‘नावं काढून टाकली आहेत’ हे पुरेसं नाही. वय ८७, स्त्री, शुक्रवार पेठ, निवृत्त संस्कृत शिक्षिका: एवढ्यावरून पुण्यात निम्मी गल्ली नाव सांगेल. चाळीसपैकी दोघं त्यांचे विद्यार्थी निघतील. रुग्णांनी संमती दिली ती उपचारासाठी, शनिवारच्या मेळाव्यासाठी नाही. क्लिनिकचा डेटा कधी वापरायचाच असेल तर संस्थेच्या एथिक्स कमिटीकडे रीतसर प्रस्ताव, आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे. त्याला महिने लागतात, लागू देत. तोवर तुम्ही स्वतःच या कार्यक्रमातला सर्वांत मौल्यवान डेटा आहात. चाचणी घेताना तुम्ही काय-काय पाहता, जे फॉर्मवर मावत नाही, ते पाऊण तास बोला.

स्थानिक काही हवं असेल तर आपल्याच जिल्ह्यात वढूला केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचं ग्रामीण आरोग्याचं काम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सेज या वृद्धत्वाच्या अभ्यासात तिथली पन्नाशीपुढची माणसं सहभागी झाली होती. डेटा मागण्याआधी तिथे जाऊन प्रत्यक्ष काम पाहा आणि तिथल्या अनुभवी कार्यकर्त्यांना वक्ते म्हणून बोलावता येतं का विचारा.

राहिला रविवार संध्याकाळनंतरचा भाग. बहुतेक डेटाथॉन तिथेच मरतात. जेवून सगळे उठतात, पत्रावळ्या कुणी उचलायच्या ते ठरलेलं नसतं. अमेरिकेत फ्रायडे हार्बर या बेटावरच्या गावात सायकोमेट्रिक्सवाल्यांची, म्हणजे मानसिक चाचण्यांच्या मोजमापाचं शास्त्र जाणणाऱ्यांची, एक कार्यशाळा अनेक वर्षं भरत आली आहे. संख्याशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ, डॉक्टर असे गट एकाच डेटावर एकत्र बसतात आणि तिथल्या कामातून पुढे शोधनिबंध होतात. त्यांचं गमक मला एवढंच दिसतं की गट घरी गेल्यावर फुटत नाही. तुम्हीही रविवारी पाच वाजता, भाषणांच्या आधी, तीन गोष्टी कागदावर घ्या: प्रत्येक टीममधून पुढचे तीन महिने जबाबदार कोण, लेखकांची नावं कुठल्या क्रमानं, आणि पहिली ऑनलाइन बैठक कुठल्या तारखेला. लेखकांत चाचण्या घेणाऱ्या ताईंचं नाव असावं का यावर वाद होईल. माझं मत असावं असं आहे, त्यांनी मसुदा वाचून दुरुस्त केला तर. नुसतं आभारात टाकून मोकळं होऊ नका. कोड एका ठिकाणी ठेवा, डेटा नको.

आठ-दहापैकी दोन टीमचं काम पुढे गेलं तरी भरून पावलं असं समजा. आमचा सर्वोत्तम आकडा तीन आहे.

बाकी किरकोळ. गणपतीच्या दहा दिवसांत आणि पालखी शहरात असताना घेऊ नका, कुणी वेळेवर पोचत नाही. सगळ्यांच्या मशीनवर आर आणि पायथनची एकच आवृत्ती शुक्रवारीच बसवून घ्या, शनिवारचा एक तास वाचतो. वाय-फाय कॉलेजचं असेल तर वरून दोन हॉटस्पॉट ठेवा. आणि त्या पंचवीस हजारांतून आधी गावाकडून येणाऱ्या तीन ताईंचं एसटीचं भाडं आणि दोन दिवसांची बुडालेली मजुरी बाजूला काढा, उरेल त्यातून बक्षिसं. शनिवारी सकाळी मी येऊ शकेन, दुपारी दोननंतर मात्र मला जमणार नाही.